वच्छलेच्या फारकतीची तयारी

॥ श्री ॥
दर्यापूर, माघ शुद्ध पंचमी, शके १७८५

चिरंजीव वामन यास दादाचे अनेक आशीर्वाद उपरि विशेष.

इकडे सर्व क्षेम. विलायतेपलीकडे कुठेशी लढाई जुंपली आहे म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, असे अमरावतीचे व्यापारी सांगतात. देवाच्या कृपेने ती लढाई अशीच चालू राहो.

पत्रास कारण आपली वच्छला. दिवाळीला माहेरी आली ती अजून इथेच आहे, हे तुला ठाऊक आहे. कारण मी कोणाला कळू दिले नव्हते. जावई तिला न्यायला बाळापूरहून आले ते गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकून. जावयाने वेशीपाशी उतरावे आणि दारापर्यंत पायी यावे ही आपली रीत. खुशालराव उतरलेच नाहीत. धुळीतच चालायचे तर चांदी ठोकली कशाला, असे गाडीतूनच म्हणाले. माझ्याही बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आहेत! मी म्हटले, उतरत नसाल तर गाडी फिरवा. त्यांनी फिरवली. आता ते पुन्हा येत नाहीत आणि कोणी न्यायला आल्याशिवाय लेकीला पाठवायची आपल्यात चाल नाही.

सबब फारकत घ्यायची असे मी ठरवले आहे. पंचांपुढे काडी मोडली की काम होते, पण ते आता लहानसहान लोकांनी करावे. आपल्या तालुक्यात वकिलामार्फत फारकत अजून कोणाची झालेली नाही. तू अकोल्यात अडतीवर बसतोस, एखादा चांगला वकील पाहा. त्याच्यासमोर पगडी कोणती बांधावी? पहिल्या भेटीत नारळ ठेवावा की शालजोडी? गावचे पंच, भाऊबंद आणि सनईवाले मिळून नऊ गाड्या काढायचा विचार आहे.

घरात सर्वांना आशीर्वाद. आमचा लोभ तुझ्यावर आहे, तो उत्तर लवकर पाठवून वाढवावा.
— महादेवराव


॥ श्री ॥
अकोला, माघ शुद्ध द्वादशी

तीर्थरूप दादांचे चरणी वामनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. वाचून हसावे की रडावे कळेना, तेव्हा हसण्याचे काम मी घेतले आणि रडण्याचे घरच्यांनी.

कचेरीजवळ मोरोपंत म्हणून वकील राहतात, त्यांना भेटून आलो. माणूस पुण्याकडचा, तोलूनमापून बोलणारा. पगडीचे विचारले तर म्हणाले, डोके आणले तरी पुरे. सनईचे विचारायचा मला धीर झाला नाही. दादा, आपण वकिलाकडे निघालो आहोत, सोयरीक जमवायला नव्हे. पहिल्या दिवशी मुलगी आणि एक वडीलधारे माणूस, इतकेच यावे असे त्यांनी बजावले आहे. नवरा मारतो काय, उपाशी ठेवतो काय, हे त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचे आहे.

शेवटी त्यांनी विचारले की मुलीच्या मनात काय आहे. मला सांगता येईना. तुमच्या पत्रात चाके आहेत, शिंगे आहेत, पण पोरीचे एक अक्षर नाही. तिचा मांडलेला संसार मोडायला निघालो आहोत, तेव्हा एकदा तिला विचारा. मला खरोखर काळजी वाटते.

वहिनींना नमस्कार. लहान तोंडी मोठा घास घेतला, तरी माया कमी करू नये.
— आपला वामन


॥ श्री ॥
दर्यापूर, माघ वद्य नवमी

चिरंजीव वामन यास अनेक आशीर्वाद.

तुझा वकील फार शहाणा दिसतो. असो. सनई रद्द केली. वाजंत्री रुसले आहेत, त्यांना वकिलाचा पत्ता दिला.

जावयाने पोरीला उपाशी ठेवले, हे सांगायला आपल्या भाऊबंदांतला किसनराव तयार आहे. तो बाळापूरला कधी गेलेला नाही, पण त्याचा आवाज खणखणीत आहे. पुढच्या खेपेला कामी येईल. वच्छलेला विचार म्हणतोस. तिला निराळे काय विचारायचे? मी बाप आहे, माझ्या मनात तेच तिच्या मनात. वकिलासमोर केव्हा रडायचे ते मात्र शिकवले. रडणे तिला काही जमेना, पण अकोल्याला जायचे म्हणताच अशी कामाला लागली की पाहत राहावे. लुगडी धुतली, पापड-कुरडया भरल्या, लग्नातली भांडीसुद्धा बांधली. वकिलाकडे भांडी कशाला, असे विचारले तर म्हणाली, असू द्या बाबा, लांब जायचं हाय. पोर मोठी समजूतदार!

मी मात्र येत नाही. अमरावतीचे व्यापारी नेमके वकिलाच्या भेटीच्या दिवशीच कापूस पाहायला येत आहेत. प्रश्न इभ्रतीचा आहे खरा, पण भाव उतरला तर इभ्रत कशाच्या जोरावर मिरवायची? तुझ्या वहिनीला सोबत धाडतो. गाडी नत्थुजी हाकील. काय झाले ते सविस्तर लिही, म्हणजे लोभाचे सार्थक.
— महादेवराव


॥ श्री ॥
अकोला, फाल्गुन शुद्ध द्वितीया

तीर्थरूप दादांचे चरणी शि. सा. न. वि. वि.

पत्र बसून वाचावे, ही पहिली विनंती.

मोरोपंतांनी वच्छलेला विचारले, नवरा मारतो का. नाही म्हणाली. उपाशी ठेवतो का. तेही नाही. मग तुझी तक्रार तरी काय, असे विचारल्यावर ती म्हणाली की हाय तक्रार, पण दोघायवर हाय. ते न्याले आले तवा मी पेटी घेऊन दारात उभी होती. बाबानं बैलायकडे पाह्यलं, त्यायनं चाकायकडे पाह्यलं, माह्याकडे कोनीच पाह्यलं नाही. मले फारकत नाही पायजे, मले माह्या घरी जायचं हाय.

वकिलांनी दौतीचे झाकण लावले. वहिनी रडू लागल्या, आणि ते शिकवलेले रडणे नव्हते. वच्छला उठली, बाहेर येऊन गाडीत बसली आणि नत्थुजीला बाळापूरच्या वाटेला लागायला सांगितले. तो माझ्याकडे पाहू लागला. दादा, मी मान हलवली. अर्धी वाट तुम्हीच तिला आणून सोडली होती, उरलेली मी पोचवली. रागवायचे तर माझ्यावर रागवा.

तिथे खुशालराव अंगणात होते. न्यायला न जाता बायको आली, हे सारी गल्ली पाहत होती, त्यामुळे बिचाऱ्यांना कुठे पाहावे कळेना. कोणी पाठवलं, असे त्यांनी मला विचारले. उत्तर वच्छलेने दिले की कोनी नाही, मीच आली. आणि पेटी उचलून आत गेली.  जावई भांड्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन तिच्या मागोमाग गेले.

वहिनी सुखरूप आहेत, परवा निघतील. आपल्या मायेला पात्र राहावे, इतकेच मागतो.
— आपला वामन

ता. क. वच्छलेने निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहितो. बाबाले सांगा, दिवाळीले मी येईन. न्याले कोनी येऊ नका, पोचवालेबी कोनी नको. माही मी येईन, माही मी जाईन.