सुसर, गाढव आणि बक्षीस

१ मार्च, रविवार

वन्सं आज मला दगड म्हणाल्या. चारचौघांत! आणि कशावरून, तर एका सुसरीवरून.

दर रविवारी दुपारी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही सिनेमावेडे जमतो. एरवी जिथे डोळे तपासतात त्याच भिंतीवर पडदा. आजचा विषय चष्मेवाल्यांनी काढला – उगाच डोक्यावर घेतलेला कार्टून सिनेमा कोणता? लोक दबकत दबकत नावं घेत होते. मी म्हटलं, 'सुसर'. सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

सुसरीला त्या वर्षीचं मोठं बक्षीस आहे ना! म्हातारी सुसर हरवलेलं अंडं शोधत नदीभर हिंडते. शेवटी सापडतं ते बदकाचं निघतं, तरी ती ते उबवते. की लोक ढसाढसा. मी म्हटलं, याला नक्राश्रू हा शब्द आधीच आहे. शिवाय तिचे दात! मी जन्मभर कवळ्या बनवतेय, दातांच्या बाबतीत थापा मला खपत नाहीत. सुरुवातीला म्हातारीच्या तोंडात चार दात, शेवटी तोंडभर. परीक्षकांनी काय पाहून बक्षीस दिलं? सुसरबाई तुझी पाठ मऊ, दुसरं काय!

खरं बक्षीस त्या वर्षी 'गाढवा'ला मिळायला हवं होतं. हाताने काढलेला, साध्या रेषांचा सिनेमा. एक गाढव गच्चीवर चढतं आणि उतरतच नाही. खालून सगळे हाका मारून थकतात. शेवटी नुसतं गाढव आणि मावळता उजेड. संगीताचा एक सूर नाही. अशी शांतता ठेवायला छाती लागते!

तोवर वन्संचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "त्या अंड्यापाशी जिला रडू येत नाही, ती बाई नाही, दगड आहे."

मी म्हटलं, रडू कांद्यानेही येतं, कांद्याला कुणी बक्षीस देत नाही. लोक हसले. तेवढं बोलायला नको होतं.

२ मार्च

वन्सं जेवायला खाली आल्या नाहीत.

माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. वरच्या मजल्यावर एकट्या राहतात, रात्री जेवायला आमच्याकडे. माझं लग्न त्यांनीच जमवलं. सिनेमाचं वेडही त्यांनीच लावलं. नवऱ्याने विचारलं, काय बिनसलं? सगळं सांगितलं. म्हणतो, "कोणती सुसर?" दोन्ही सिनेमे या माणसाने आमच्या मधे बसून पाहिलेत. म्हणजे झोपून.

५ मार्च

जिन्यात समोरासमोर. त्या भिंतीकडे बघत गेल्या, मी कठड्याकडे.

आता सगळा व्यवहार नवऱ्यामार्फत. त्यांनी निरोप पाठवला की दगडाला सांग, मला डब्याची गरज नाही. नवऱ्याने येऊन सांगितलं, ताईला डबा हवाय. मी पाठवला. परत आला तो घासूनपुसून, रिकामा. आतलं गेलं कुठे?

८ मार्च, रविवार

वन्सं आज पहिल्या ओळीत बसल्या. माझ्याकडे पाठ.

मी सरळ प्रस्ताव मांडला. चुकीच्या सिनेमाला बक्षीस गेलं असेल तर ते आपण दुरुस्त करायचं. आपलं स्वतःचं बक्षीस काढायचं आणि पहिलं 'गाढवा'ला द्यायचं! चष्मेवाल्यांनी डोळे तपासण्याच्या सवयीने दोनदा विचारलं – असं बरं वाटतंय, की आधीचं बरं होतं? सगळ्यांना असंच बरं वाटलं. विरोधात एकच हात. बांगड्या ओळखीच्या.

११ मार्च

विश्वास बसणार नाही! दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायला गेले होते. लहान मुलांच्या खुर्चीमागे नवं चित्र लावलंय – एक उंट दात घासतोय. ती मान बघितली आणि माझे पाय तिथेच खिळले. ती रेषा मी हजारांत ओळखेन. गाढव काढणाऱ्याचा हात!

डॉक्टर म्हणाले, हो, तेच. आता सिनेमे सोडलेत त्यांनी. असलीच कामं करतात, शांत गृहस्थ आहेत. नंबर दिला. फोन केला तर म्हणाले, "तो सिनेमा पाहिलेलं माणूस अजून आहे?"

बावीस तारखेला येतायत.

१६ मार्च

बक्षीस काय द्यायचं? बाजारात सगळीकडे तेच ते सोनेरी कप. मग माझं मीच केलं. मेणाचं गाढव घडवलं, प्लास्टरचा साचा घेतला, कवळ्यांचाच गुलाबी मसाला ओतला. लॅबमधले उरलेले दात बसवले. पुढचे सहा, नामी.

गुलाबी गाढव, पांढरेशुभ्र दात. नवरा म्हणाला, हसतंय की चावतंय?

मला वाईट वाटलं. हे वन्संनी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं असतं तर दोघी हसून लोळलो असतो.

२२ मार्च, रविवार

झोपण्याआधी लिहूनच टाकते.

पाहुणे आले. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट. खोली भरलेली. वन्संही होत्या, मागच्या कोपऱ्यात. मी भाषण केलं. शेवटची शांतता, ती हिंमत, आंधळे परीक्षक, सगळं. चष्मेवाल्यांनी गाढव हातात दिलं. पाहुण्यांनी ते उलटंपालटं केलं आणि बोलायला उभे राहिले.

म्हणाले, बाईंचे आभार, पण खोटं बोलवत नाही. त्या प्रसंगाला संगीत होतं. संगीतकार माझ्याशी भांडला आणि सगळं घेऊन निघून गेला. दुसरा मिळाला नाही, म्हणून शांतता. आणि गाढव का उतरत नाही? तर जिना उतरणारं गाढव मला काढता येईना. पाय एकमेकांत अडकायचे. "बक्षीस योग्य सिनेमाला गेलं," म्हणाले. "अंड्यापाशी मी स्वतः रडलो होतो."

कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण. माझे कान तापले. इतकी वर्षं ज्या शांततेचे गोडवे गायले, ती एका रुसलेल्या वाजंत्र्याची निघाली! आणि घरात भांडण वेगळंच. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं ते हेच. खुर्चीखाली शिरता आलं असतं तर शिरले असते.

तेवढ्यात मागून आवाज आला. वन्सं उभ्या होत्या.

"सिनेमा तुम्ही काढला असेल," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला तो कळलेला नाही."

हसणं थांबलं.

मला वाटलं आता सुसर काढतील. नाही. त्या गाढवावरच बोलल्या. माझेच मुद्दे, माझ्याच क्रमाने. दर वेळी नाक मुरडत ऐकलेलं सगळं तोंडपाठ! पुढचं मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

"मी वरच्या मजल्यावर राहते. संध्याकाळ झाली की खालून हाक येते, या, पानं वाढलीत. रोज उतरते. पण एखाद्या दिवशी नाही उतरावंसं वाटत. कारण काहीच नसतं. तेव्हा मागे कुणी संगीत वाजवत नसतं. तुमच्याकडून ते कसंही झालं असो, खरं झालंय. आता ते परत घेऊ नका."

खाली बसल्या आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

पाहुणे गाढव हातात धरून उभेच. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे दात खरे आहेत का?" मी म्हटलं, खऱ्यासारखे आहेत. त्यांनी मान हलवली, जणू फार महत्त्वाचं उत्तर मिळालं.

येताना वन्सं आणि मी एकत्र चालत आलो. कोपऱ्यावर त्या म्हणाल्या, सुसरीचे दात शेवटी खरंच वाढलेत, परवा सिनेमा पुन्हा लावून मोजले मी. मी म्हटलं, वन्सं, अंड्यापाशी माझाही गळा दाटतो. त्या म्हणाल्या, माहीत आहे, मी शेजारीच असते.

मग जिन्यापाशी मी विचारलं, यापुढे हाक मारत जाऊ की नको? म्हणाल्या, "मारत जा. उतरले नाही तर डबा पाठव."

२३ मार्च

डब्यातलं नवरा खात होता! दोघींनी मिळून झाडला त्याला.

२९ मार्च, रविवार

वन्संनी 'दुसऱ्यांदा बघवत नाहीत असे बक्षीसवाले सिनेमे' हा विषय काढला. भांडलो. छान भांडलो.

१९ एप्रिल

पाहुण्यांचा फोन. नवा सिनेमा काढायला घेतलाय! दोन शेळ्या – एक वरच्या मजल्यावर राहते, एक खाली. सिनेमावरून भांडतात. मधे एक बोकड झोपलेला असतो. चष्मेवाल्यांनी त्यांना सगळं सांगितलेलं दिसतंय. आमची परवानगी हवीय म्हणे. मी हो म्हणणार, तेवढ्यात वन्संनी फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, "आधी सांगा, मोठी शिंगं कुणाला?"