पिवळ्या रेघेखालचा नट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकतीस, अविवाहित, धंदा बायकांना मोटारसायकल चालवायला शिकवणे, राहणार टायरच्या दुकानावरची भाड्याची खोली, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही, मी कसलेही औषध घेतलेले नाही. रागात नाही असेही लिहायचे असते, पण ते खोटे होईल. राग आहे, मात्र तो दोन वर्षे जुना आहे आणि त्याने हात थरथरत नाही. घरात आणि गॅरेजमध्ये सगळे मला ‘दोनदा’ म्हणतात, कारण मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते. हा मजकूरही दोनदा तपासला आहे.

१. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकतिसाव्या वर्षी करते आहे याचे कारण मागच्या महिन्यात वळणावर एका ट्रकने मला घासले. मी रस्त्यावर उताणी पडून वर बघत होते आणि मनात एवढेच आले की कलम सातमधली गोष्ट माझ्याबरोबर जाणार. घरी आल्यावर कागद आणले.

ट्रकबद्दल माझ्या विद्यार्थिनींसाठी: आरशात ड्रायव्हरचे तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. हे मी दर आठवड्याला शिकवते. त्या दिवशी मीच विसरले. चूक माझी. ज्या चुका माझ्या आहेत त्या मी माझ्याच म्हणते; पुढचे वाचताना हे लक्षात ठेवावे.

२. मी रस्त्यावर पडलेली सापडले आणि श्वास चालू असेल, तर कोणीही माझे हेल्मेट ओढून काढू नये, मान हलवू नये, तोंडात पाणी ओतू नये. हे वाचेपर्यंत उशीर झालेला असणार हे मला कळते. तरी लिहिते, वाचणाऱ्याला दुसऱ्या कोणासाठी उपयोग होईल.

३. अंगावरच्या वस्तू.

(अ) काळे हेल्मेट कोणालाही देऊ नये. बाहेरून एक चरासुद्धा नाही, पण मागच्या महिन्यात ते एकदा आपटले आहे आणि आतला थर एकदाच मार खातो. त्याचा पट्टा कापावा, मग टाकावे. अखंड टाकले तर कोणीतरी उचलून घालील. माझा भाऊ, म्हणजे दादा, हेल्मेट कोपराला अडकवून गाडी चालवतो. त्याचे कोपर आजवर अगदी सुरक्षित आहे.

(आ) जॅकेट, दोन जोड हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट शिकायला येणाऱ्या मुलींसाठी ठेवावेत. जॅकेटचा डावा कोपर घासलेला आहे. तो शिवू नये, नव्या मुलीला तसाच दाखवावा. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून जॅकेट नसले तरी चालेल पण मोजे हवेतच. बुटाच्या नाड्या आत खोचाव्यात. एकीची नाडी गिअरच्या दांडीत अडकली होती आणि ती सिग्नलला उभ्या उभ्या आडवी झाली. लोक हसले. मीही हसले, त्याबद्दल तिची माफी मागते.

४. माझी मोटारसायकल नर्सबाईंना द्यावी. नर्सबाई म्हणजे माझी पहिली विद्यार्थिनी. दवाखान्यातल्या पाळ्या सांभाळून, त्रेचाळिसाव्या वर्षी, नवऱ्याला न सांगता शिकली. पहिल्या दिवशी मला म्हणाली, “बाई गं, पडले तर निदान पट्टी कशी बांधायची ते मला येतं.” तिला एवढेच सांगणे:

हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना बघायची. फिरून आल्यावर बघितलेली हवा खरी नसते. चेन दर पाचशे किलोमीटरला पुसायची, तेल आतल्या बाजूने सोडायचे, चाक हाताने फिरवायचे. इंजिन चालू ठेवून चेन कधीही पुसायची नाही. बाबांच्या ओळखीच्या एका मेकॅनिकची दोन बोटे त्यात गेली आणि तो लोकांना वाघाने खाल्ली म्हणून सांगत असे. वळणावर डिझेल सांडलेले दिसले तर ब्रेक दाबायचा नाही. गाडी सरळ ठेवायची आणि श्वास सोडायचा. श्वास धरला की हात आवळतात.

आणि नट. कोणी कितीही छान रंगवलेला नट असू दे, आपण पाना लावून बघायचा. हे मला बाबांनी शिकवले आणि बाबाच एकदा चुकले.

५. बँकेतली शिल्लक आणि शिकवणीची जी काही फी येणे असेल, त्यातून शिकणाऱ्या मुलींसाठी नवी हेल्मेटे घ्यावीत. जुनी कोणाची वापरलेली घेऊ नयेत. खोलीतली कॉट घरमालकाची आहे, कपाट माझे आहे, पंखा अर्धा अर्धा आहे. याबद्दल वाद नाही.

६. आईला काय द्यावे हे मला ठरवता आले नाही. ती माझ्या हातचे काही घेत नाही. मी दर रविवारी तिच्याकडे जाते. तांब्या माझ्या जवळ असला आणि तिला तहान लागली, तर ती गुडघ्यावर हात देऊन उठते, स्वयंपाकघरात जाते आणि माठातले पाणी स्वतः घेते. मी तांब्या तिच्या बाजूला सरकवून ठेवते. ती माठाकडेच जाते. पाच वर्षे मी हे पाहते आहे. म्हणून तिच्यासाठी वस्तू ठेवत नाही. तिच्यासाठी कलम सात आहे.

७. आमचे शाळेत जाणे नंतरचे; आधी आम्ही दोघे भावंडे बाबांच्या गॅरेजमध्ये शिकलो. मला अक्षरांआधी पान्यांचे आकडे वाचता येत होते. बाबांचा एक नियम होता. नट पूर्ण आवळून झाला, पुन्हा एकदा पाना लावून पाहिला, की त्याच्यावरून खालच्या लोखंडावर एक बारीक रंगाची रेघ ओढायची. नट सैल होऊन फिरला की रेघ तुटलेली दिसते. आणि ज्याने नट आवळला त्याचा रंग. बाबांचा पांढरा, दादाचा लाल, माझा पिवळा. रेघ म्हणजे सही. “नट बोलत नाही, दोनदा,” बाबा म्हणायचे, “मी सैल आहे असं तो कधी सांगायचा नाही. आपणच विचारायचं आणि मगच सही करायची.”

दादाच्या लाल रेघेवर बाबा स्वतः पुन्हा पाना लावून बघत. त्याच्या समोरच. दादाला ते लागायचे. “हिच्या नाही बघत ते कधी!” तो म्हणायचा. बाबा म्हणायचे, “तिचं तिनंच दोनदा बघितलेलं असतं रे.” तेव्हा मला अभिमान वाटायचा.

त्या दिवशी बाबांच्या स्वतःच्या गाडीचे दोन्ही टायर बदलायचे होते. मागचे चाक मी बसवले, पुढचे दादाने. दुपारी बाबा सुटे भाग आणायला त्याच गाडीवरून निघाले. उतारावर पुढच्या चाकाचा नट निघून पडला. बाबा अकरा दिवस दवाखान्यात होते. शुद्धीवर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तो उतार पायी शोधला आणि खडीत मला नट सापडला. त्याच्यावर पिवळा रंग होता. मी तो घरी आणला, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “रेघ पिवळी आहे. म्हणजे माझा आहे.” मला कोणी विचारले नव्हते. कोणी आरोपही केला नव्हता. पुढच्या चाकाला मी हात लावल्याचे मला आठवत नव्हते, पण दादाने बसवलेल्या चाकाचा नट कधी कधी मी आवळून देत असे, आणि आठवत नाही म्हणून केले नाही असे थोडेच असते? रंग माझा होता. नटाच्या आतल्या तोंडावर, जिथे वायसरची चकती घट्ट बसायला हवी तिथेही, पिवळा रंग उतरलेला होता. म्हणजे नट सैल असतानाच कोणीतरी रेघ ओढली होती. ते कोणीतरी मीच, असे मी धरून चालले.

दादा तिथे उभा होता. तो म्हणाला, “असू दे आता. काय करायचंय उगाळून.” सगळे म्हणाले, पोरगा किती समजूतदार. रात्रीच्या जेवणाला मी आईचे ताट वाढले, ते तिने बाजूला सारले. “तुझ्या हातचं काही नको मला,” एवढेच म्हणाली.

तीन वर्षांनी गॅरेज दादाच्या नावावर करायचे ठरले. मी माझा हिस्सा सोडला. माझ्या हाताने बाबा गेले, त्या हाताला गॅरेज नको, असे मीच वकिलांना सांगितले. सह्या करून बाहेर आलो. दादाने चहा मागवला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा सैल बसला होता.

म्हणाला, “तू फार मनाला लावून घेतलंस गं.”

मी म्हणाले, “मग काय करू?”

“अगं, माझी रंगाची बाटली सुकली होती त्या दिवशी. तुझी जवळ होती, ती घेतली. आधी रेघ मारून ठेवली, म्हटलं जेवून येऊन आवळतो. तेवढ्यात बाबा निघालेसुद्धा. कोणाला काय माहीत!”

मी कप खाली ठेवला. मी विचारले, “आणि तीन वर्षं तू बोलला नाहीस?”

“मी कधी म्हटलं तुझा नट म्हणून? तूच म्हणालीस.”

हे त्याचे शब्द आहेत. एकही माझ्या पदरचा नाही. आणि ते खरे आहेत. तो कधीच म्हणाला नव्हता.

तो आळशी आहे, हे सगळ्यांना माहीत होते, बाबांना सगळ्यात जास्त. रेघ लाल असती तर बाबांनी निघण्याआधी पाना लावला असता. पिवळी होती म्हणून ते खाली न वाकता बसले आणि गेले. त्याच्या चुकीपेक्षा मला हे जास्त सलते. त्याचा निष्काळजीपणा माझ्या सहीने खपला.

मी त्याच संध्याकाळी आईकडे गेले. म्हणाले, “आई, तो नट माझा नव्हता.” आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “हिस्सा गेल्यावर आठवलं होय?”

त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही. माझ्या तोंडून ते आता भांडणच वाटणार. ते दादाच्याच तोंडून आले पाहिजे.

८. म्हणून: बाबांच्या हत्यारांची लोखंडी पेटी, जी बाबांनी हयातीतच मला दिली आणि जी दादा दर दोन-तीन महिन्यांनी मागतो, ती पुढील अटीवर दादाला द्यावी. त्याने कलम सात आईसमोर बसून, मोठ्याने, मधले काही न गाळता वाचावे. वाचून झाल्यावर त्याखाली स्वतःच्या लाल रंगाने एक रेघ ओढावी. पेटीत वरच्या खणात तो नट आहे. आईने मागितला तर तिच्या हातात द्यावा.

त्याने वाचायचे नाकारले तर पेटी नर्सबाईंना जाईल. आई माझ्याआधी गेली तरीही नर्सबाईंनाच जाईल. मग त्याने कोणालाही वाचून दाखवू नये. मग त्याचा काही उपयोग नाही.

माझ्या हयातीत त्याने आपणहून आईला सांगितले, तर कलमे सात आणि आठ रद्द समजावीत आणि पेटी त्याने त्याच दिवशी घेऊन जावी. ती जिन्यावरून उतरवायला मी मदत करीन. यासाठी या मृत्युपत्राची एक प्रत आज दुपारी मी त्याला हातोहात देणार आहे. सोबत लाल रंगाची नवी बाटली. सीलबंद आहे. या वेळी सुकली होती असे म्हणता येणार नाही.

९. व्यवस्था पाहण्यासाठी खालच्या टायरवाल्या काकांना नेमते. ते कमी बोलतात आणि पावती देतात.

सर्व पाने एकावर एक ठेवून त्यांच्या कडेवरून मी पिवळी रेघ ओढली आहे. एकही पान काढले किंवा बदलले तर रेघ तुटलेली दिसेल.

सही: दोनदा

साक्षीदार पहिले: टायरवाले काका. (माझ्यासमोर सही झाली. पाने मोजली, सात आहेत.)

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. (माझ्यासमोर सही झाली. रेघ सरळ आहे.)

ठिकाण: टायरच्या दुकानावरची खोली. दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार, सकाळी साडेदहा.

पुरवणी, त्याच दिवशी, संध्याकाळी सहा वाजता, त्याच दोन साक्षीदारांसमोर.

प्रत आणि बाटली आईच्या घरी दादाला दिली. प्रत त्याने उभ्याउभ्या चाळली, कलम सातपाशी थांबला, मग घडी करून खिशात घातली. बाटली हातातच राहिली. आई आतून म्हणाली, “काय दिलं रे तिनं?”

“काही नाही. रंग.”

“कसला?”

“लाल.”

आई बाहेर आली. बाटलीकडे बघितले, त्याच्याकडे बघितले. “लाल तर तुझा,” ती म्हणाली. “ती कशाला आणून देईल तुला?”

दादा म्हणाला, “टायर यायचेत, मी निघतो,” आणि निघाला. हेल्मेट कोपराला होते. आई दारात उभी राहून त्याची गाडी वळेपर्यंत बघत होती. मग आत आली आणि माझ्याकडे न बघता खाली बसली. तांब्या माझ्या बाजूला होता. ती तहानलेली होती, मला कळत होते. ती माठाकडे गेली नाही. तांब्यालाही हात लावला नाही. मी निघेपर्यंत तशीच बसून राहिली.

दादाने सांगितलेले नाही. कलमे सात आणि आठ कायम आहेत.

सही: दोनदा

साक्षीदार: वरीलप्रमाणे. रेघ तपासली, तुटलेली नाही.