साहेबांनी विचारले, काय म्हणतो तो?

२ फेब्रुवारी १८६४, अमरावती
आज कापसाच्या भर आवारात माझा, मुनशीचा, पाणउतारा! गाडीचे चाक रुतले होते. मी साहेबांना म्हणालो, "गिव्ह अस अ हँड, सर" — म्हणजे चार माणसे द्या. आधीचे साहेब जहाजावरून आलेले, येताजाता असेच बोलायचे. त्यांच्याकडूनच उचललेले. हे साहेब मात्र लालबुंद! असले बोलणे बरोबरीच्यांशी, म्हणाले. माझ्याशी 'हेल्प' म्हण. 'असिस्टन्स' म्हणालास तर आणखी बरे.

गाडीवाले हसले. इंग्रजी कळत नाही मेल्यांना, पण रंग कळतो. नागपूरच्या शाळेत इतकी घासली आणि अक्कल आली ती आज! आपल्याकडे बरे — 'हात दे' शेजाऱ्यालाही म्हणतात, देवालाही.

५ फेब्रुवारी
दिवसभर तोंडात 'असिस्टन्स'. बायको, गोदा, म्हणते, "मंतर पाठ करून राहिले काय जी?"

तिकडे अमेरिकेत लढाई, इकडे कापसाला सोन्याचा भाव. आवारात गाठींच्या थप्प्या छपराच्याही वर गेल्या. साहेबांना दम नाही. गाठी आवळायच्या दाबाचा दांडा आठ जण गोल फिरवतात. फेरा चालू असताना साहेबांच्या शब्दाशिवाय एकानेही तो सोडायचा नाही. मागे एकाने सोडला, गाठ फुटली. त्याला त्याच दिवशी हाकलले.

९ फेब्रुवारी
लिहू की नको.

सकाळी थप्पी कोसळली. शालिकराम हमाल खाली सापडला — बार्शीटाकळीचा, माझ्याच गावचा. एक हात तेवढा बाहेर. बाकीचे हमाल गाड्यांबरोबर गेलेले. मी एकट्याने जोर लावला, गाठ हलेना. फेरा चालू, आठही जण दांड्याला जुंपलेले. "मुनशीजी, साहेबाले इचारा! लवकर!"

धावलो. साहेब ओसरीवर न्याहारी करत होते. हाक तिथवर येत होती — "अरे, मले हात द्या रे! जीव चालला माहा!"

साहेबांनी विचारले, काय म्हणतो तो?

आणि मी विचार केला. देवा, मी शब्दांचा विचार केला! 'हँड' ओठांवर आला होता, तो गिळला. हात जोडून म्हणालो, "ही रिक्वेस्ट्स युअर काइंड असिस्टन्स, सर."

साहेबांनी मान हलवली. हा फेरा संपला की माणसे सोड, म्हणाले. आणि पुढचे अंडे फोडले.

फेरा संपायच्या आत हाक बंद झाली.

१० फेब्रुवारी
बंद नाही झाली. मला ऐकू येते.

१३ फेब्रुवारी
जेवताना हात ताटावरून पुढे पसरलेलाच राहिला. "कोणाले हात देऊन राहिले जी?" म्हणाली गोदा, आणि रडू लागली. तिला काय सांगू? मरणाऱ्याची हाक मी धुऊन, घडी घालून साहेबांपुढे ठेवली! त्यांना कसे कळावे की माणूस मरतो आहे? नुसते 'हेल्प' म्हणून ओरडलो असतो तरी ते उठले असते. शालिकरामला मी मारले.

१७ फेब्रुवारी
त्याची बायको पार्बता दारात आली. मी आत लपणार होतो, पण तिने पाहिले.

"भाऊ, तुमी त्याचेच शब्द सांगतले ना साहेबाले?"

हो म्हणालो. जीभ झडली नाही.

"मंग साहेब उठला काहून नाही?"

तीच पुढे म्हणाली, उद्या मीच इचारतो, तुमी फकस्त इंग्रजी करा.

करीन. यावेळी एक शब्दही मऊ करणार नाही. नोकरी गेली तर गेली!

१८ फेब्रुवारी
पार्बता ओसरीपुढे उभी राहिली. "माह्या माणसाले हात काहून नाही देला?"

मी तोंड उघडले. साहेबांनी बोटाने मला थांबवले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, गाठ अर्धी झाली व्हती. कशी सोडू? घरी जाय."

वऱ्हाडीत. आपल्यासारखेच.

म्हणजे त्या दिवशी मी ओसरीवर पोचायच्या आधीच साहेबाला सगळे कळले होते. मग मला विचारले कशाला?