होबर्टच्या नारिंगी नोव्हाची वाटणी

मी डेल्फिया स्टिडम, कै. होबर्ट स्टिडम यांची बायको, वय वर्षं शहाऐंशी, शाळा तिसरीपर्यंत, राहणार स्टिलहाउस खोरं, पूर्व केंटकी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. माझ्या कोंबड्या कुठल्या आणि शेजारच्या व्हेस्टा नोबलच्या कुठल्या, हे मला अजून खिडकीतून ओळखता येतं, तिला येत नाही. माझ्यावर दडपण कोणाचंही नाही. दडपण आणणारा एकच माणूस होता, तो केव्हाच वर टेकडीवर जाऊन झोपला, आणि त्यालाही ते कधी जमलं नाही.

तालुक्याच्या वकीलबाई म्हणाल्या, "आजी, सगळं तुमच्या अक्षरात लिहा, कायद्याला चालतं. फक्त गोष्टी सांगत बसू नका." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय!

कागद करण्याचं कारण असं की होबर्टने केला नाही. आमच्या खोऱ्यात कागद करणं म्हणजे सख्ख्या भावांवर संशय घेणं. जमीन सगळ्यांची, ओढा सगळ्यांचा. होबर्टही जाताना आमच्या दोन्ही पोरांचे हात धरून एवढंच बोलला, "गाडी दोघांची." छातीत कोळशाची धूळ भरलेली, त्याहून जास्त बोलायला श्वास नव्हता. गाय दोघांची होऊ शकते, ती रोज दूध देते. गाडी कशी होणार? त्या दोन शब्दांचं काय झालं ते खाली येईलच.

कलम पहिलं. घर, पडवी, कोंबड्यांचं खुराडं आणि ओढ्यापर्यंतची जमीन माझी नात शायन हिला. शायन माझ्या धाकट्या लॉनीची मुलगी. तिची आई तिला माझ्या पडवीत बसवून फ्लोरिडाला गेली, "पुढच्या आठवड्यात येते" म्हणून. तो आठवडा अजून चाललाय. माझा त्यात फायदाच झाला. आता पोरगी वीस वर्षांची आहे, गावातल्या गॅरेजात टायर आणि ब्रेकचं काम करते आणि कोपरापर्यंत काळी होऊन घरी येते. तिला दारात पाहिलं की मला हसूच फुटतं, कारण लागत नाही.

"आजी, लांब हो, ग्रीस लागेल."

"अगं, तुझ्या आजोबाचा कोळसा जन्मभर धुतला मी. तुझ्या ग्रीसचं काय घेऊन बसलीस?"

कलम दुसरं. बिडाचा तवा शायनलाच. तो साबणाने घासू नये, घासलास तर मी परत येईन. गोधड्यांपैकी निळी व्हेस्टाला, कारण ती तिच्याकडे तीन हिवाळे बघत बसली आहे. सुक्या सफरचंदांच्या थरांचा केक कसा करायचा ते मात्र तिला देत नाही. ते शायनच्या हातात आहे. व्हेस्टाने दालचिनी घालून त्याचं जे केलं ते साऱ्या चर्चने खाल्लं आहे. माझी नणंद झेला हिला, माझं जे मोठं पातेलं तिने एका लग्नाला नेलं तेच देते. त्या लग्नातल्या नवरीला आता नातवंडं आहेत.

कलम तिसरं, गाडी.

शेव्हरोले नोव्हा, बहात्तर सालची, दोन दारांची, नारिंगी, बॉनेटवर दोन काळे पट्टे. तेव्हा खोऱ्यात रस्ता नव्हता, ओढ्याचं पात्र हाच रस्ता. होबर्ट कोरी गाडी पाण्यातून उडवत, भोंगा वाजवत वर आला. मी अंगणात मक्याची कणसं सोलत होते.

"कशी आहे, डेल्फिया?"

"बाकीची दारं कुठायत?"

"दोनच असतात. शर्यतीची चाल आहे तिला."

"शर्यत कोणाशी? नोबलांच्या खेचराशी?"

"त्याच्याशी तरी जिंकेन की!"

रागावले होते मी. मग त्याने मला शेजारी बसवलं, डोंगराच्या वळणांवरून अशी काही नेली की माझा रुमाल खिडकीतून गेला, आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा रस्त्यात मोठ्याने हसले. त्या दिवसापासून ती गाडी मला आवडते. हे होबर्टला मी सांगितलं नव्हतं, उगाच चढला असता.

चालवायला मला मोठ्याने, आर्लिसने, शिकवली. होबर्ट ओरडायचा, आर्लिस ओरडत नसे. पंधरा वर्षांचं पोर, शेजारी बसून म्हणायचं, "आई, क्लच हळू सोड. अजून हळू. आई, तो क्लच नाही, तो माझा पाय आहे." मागच्या सीटवर लॉनी हसून हसून लोळायचा. आर्लिस लॉनीपेक्षा सहा वर्षांनी मोठा. शाळा संपल्यावर इथली सगळी पोरं जातात तसा तोही ओहायोत मोटारींच्या कारखान्यात गेला, आणि इथली सगळी पोरं येतात तसा दर शनिवारी सकाळी घरी येई. आला की आधी मला नाही, नोव्हाला भेटायचा. दोघे भाऊ मिळून ती धूत. लॉनी पाणी गाडीवर कमी आणि भावावर जास्त टाकायचा.

होबर्ट गेल्यावर गाडी दोघांची झाली आणि राहिली लॉनीकडे, कारण तो इथे होता. त्याने ती जिवापाड जपली. मग खाणीत छताचा दगड त्याच्या पाठीवर पडला. डॉक्टरने गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली तरी गोळ्या थांबल्या नाहीत. त्या डॉक्टरचं नाव मी इथे लिहीत नाही, कागद चांगला आहे.

आमच्या खोऱ्यात किती घरांतून असं माणूस गेलं ते मोजायला मी बसत नाही. लॉनी वाईट नव्हता. मला कधी उलट बोलला नाही. फक्त घरातून वस्तू जायला लागल्या, आणि वस्तू संपल्यावर नोव्हा जायला लागली. आधी रेडिओ, मग चकचकीत चाकं, मग पुढच्या सीटा, मग स्टिअरिंग. पडवीतून मला दिसायचं, पक्षी पीस पीस टाकतो तशी ती ओकीबोकी होत होती.

शेवटी कोणीतरी आर्लिसला फोन केला. तो ट्रक आणि साखळीची कप्पी घेऊन आला. लॉनी पायरीवर बसलेला, हाडांचा सापळा झालेला.

आर्लिस म्हणाला, "इंजिन मी घेतो. बोल किती."

"अर्धं तुझंच आहे."

"मग अर्ध्याचे घे. आता बघू कोणाला काय विकतोस ते."

लॉनी हसला. म्हणाला, "ने बाबा. तुमच्या ओहायोत माणसांपेक्षा इंजिनांची बडदास्त जास्त. पण आईला एक चक्कर तरी मारून आणायचंस आधी."

आर्लिसने इंजिन काढून ट्रकात चढवलं. पैसे पायरीवर ठेवले, त्यावर दगड ठेवला आणि ट्रक वळवला. माझ्या पोटच्या दोन पोरांचं ते शेवटचं बोलणं. थंडी संपायच्या आत लॉनी गेला. सकाळी मी त्याला न्याहारीला हाक मारली, तो उठला नाही.

त्याच्या मातीला आर्लिस आला, पण कबरींच्या टेकडीवर चढला नाही. खाली ट्रकला टेकून उभा राहिला. वर भजन चाललं होतं आणि मला झाडांमधून त्याची टोपी दिसत होती. परत उतरले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई, माझ्याच पैशांच्या होत्या त्या गोळ्या." आणि गेला.

आता जे सांगते ते वकीलबाईंनी वगळलं तरी चालेल, पण शायनने वगळू नये. कोणाच्या घरी माणूस गेलं की आमच्याकडे बायका जेवण घेऊन येतात, भांड्याच्या बुडाला आपापल्या नावाची चिकटपट्टी लावून, म्हणजे भांडं परत जातं. लॉनीच्या वेळी व्हेस्टा कोंबडीचा रस्सा घेऊन आली आणि दुसऱ्या काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर नोव्हाचा रेडिओ. त्यालाही नावाची चिकटपट्टी, पण नाव तिचं नव्हतं. 'लॉनी' लिहिलेलं होतं.

"तू घेतलास? पैसे कशाला जातायत ते ठाऊक असून?"

"मी नसता घेतला तर त्याने हमरस्त्यावर कोणा परक्याला दिला असता, डेल्फिया. मग तो परत आला असता का?" मग म्हणाली, "तुझा होबर्ट रविवारी माझ्या दारात गाडी थांबवून याच्यावर भजनं लावायचा. माझ्या म्हाताऱ्या आईला ऐकू यावं म्हणून. तुला ठाऊक नसेल."

मला खरंच ठाऊक नव्हतं.

मग एस्टिल फ्रेझियर, आमचा पाद्री, बीन्सचं पातेलं आणि दोन सीटा घेऊन आला. चर्चच्या मागच्या पडवीत त्यांवर बसून तो प्रवचनाचा विचार करी. म्हणे, "या सीटवर बसून मी होबर्टबरोबर पहिल्यांदा खाणीवर कामाला गेलो. इतकी जोरात नेली की देव तिथेच आठवला." चाकं आली ती पेट्युनियाच्या वाळक्या रोपांसकट, कारण झेलाने त्यांच्या कुंड्या केल्या होत्या. पातेलं नाही आणलं, चाकं आणली. तेवढ्यापुरतं तिला माफ. आठवडाभर असं चाललं होतं. मी रडत होते आणि हसतही होते, आणि शायन दहा वर्षांची, पडवीत बसून एकेक तुकडा फडक्याने पुसत होती. तिचं आजचं काम तिथून सुरू झालं.

सगळं परत आलं. इंजिन आलं नाही.

आर्लिस दर रविवारी दुपारी फोन करतो. ओहायोत पाऊस किती, इथे किती, एवढंच बोलतो. मे महिन्यात कबरींवर फुलं वाहायच्या रविवारी सगळं खोरं टेकडीवर जमतं, गवत कापतं, तिथेच जेवतं. तो लॉनी गेल्यापासून आलेला नाही. त्याची बायको वांडा मला परवा चोरून म्हणाली, "आई, तुमचा फोन ठेवला की हे गॅरेजात जातात. ते इंजिन लाकडी घोडीवर ठेवलंय. आत थोडं तेल सोडतात, पाना लावतात आणि हाताने फिरवतात. जाम होऊ नये म्हणून. कोणाशी बोलत नाहीत मग जेवेपर्यंत."

दर रविवारी. माझं लेकरू एकटं उभं राहून ते इंजिन हाताने फिरवतं.

म्हणून असं लिहून ठेवते. नोव्हाचं धड, सीटा, चाकं, रेडिओ, सगळं शायनला. होबर्टचे सगळे पाने आणि त्यांची लोखंडी पेटी आर्लिसला. इंजिन मी कोणालाच देत नाही. ते आर्लिसचं आहे आणि जे आपलं नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. मागता येतं का, ते त्यांना विचारायचं राहिलं.

शायन म्हणते, "आजी, भंगारातून दुसरं आणते, आठवड्यात गाडी चालू करून दाखवते. किती वाट बघायची काकांची?" मी म्हटलं, "मी आहे तोवर." आता सांगते, माझ्यानंतर थांबू नकोस. मी गेल्यावरच्या पहिल्या फुलांच्या रविवारपर्यंत काका आला नाही, तर मिळेल ते इंजिन बसव आणि गाडी पळव. त्याच्यावर राग धरायचा नाही. ही अट आहे, घरासकट सगळ्याला लागू.

आर्लिस, त्या पैशांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही. शोधलं असतं तर कळलं असतं कदाचित, मी शोधलं नाही. तुझे नसते तर दुसऱ्याचे असते. व्हेस्टाचेही त्यात होते, पाद्रीचेही होते. त्यांना मी रोज भेटते. तुलाच तेवढं भेटता येत नाही.

कलम चौथं आणि शेवटचं, टेकडीवरची जागा. होबर्ट आणि लॉनी यांच्या मध्ये माझी जागा राखलेली आहे. होबर्टच्या दगडावर माझं नाव आणि जन्मसाल कोरलेलं आहे, पुढचं साल तेवढं मोकळं आहे. लॉनीला तिथे ठेवलं तेव्हापासून मी त्या जागेकडे बघत आले, की एका बाजूला नवरा, एका बाजूला पोरगा, आणखी काय हवं. आर्लिसने मात्र ओहायोत कुठेतरी सपाट जमिनीवर जागा बघून ठेवली आहे, असं वांडा सांगते. म्हणतो, त्या टेकडीवर मला कोण घेणार.

ती मधली जागा मी आर्लिसला देते. त्याची वेळ येईल तेव्हा, सावकाश येवो, त्याला लॉनीशेजारी ठेवावं. दगडावर नाव माझं आहे ते खोडू नये, त्याचं खाली कोरावं. आईच्या नावाखाली झोपायला कसली लाज? मला कुंपणाजवळ अक्रोडाच्या झाडाखाली ठेवा. फुलांच्या रविवारी जेवणाच्या फळ्या तिथेच मांडतात. मला सगळ्यांचं बोलणं ऐकू येईल, आणि केक कोणी बिघडवला तेही कळेल.

आणि आर्लिस जेव्हा ती टेकडी चढून वर येईल, माझ्या मातीला किंवा नंतर कधी, इंजिन घेऊन किंवा रिकाम्या हाताने, तेव्हा त्याला कोणी काही विचारू नये. इतकी वर्षं कुठे होतास, असं तर कोणीच म्हणू नये. ताट वाढून त्याच्या हातात द्यावं आणि बसायला जागा करावी.

वरचं सगळं मीच लिहिलं, शुद्धलेखन माझं आहे, ते कोणी सुधारू नये.

सही: डेल्फिया स्टिडम

साक्षीदार:
व्हेस्टा नोबल, शेजारीण (केकबद्दलचं वाचलं आहे, तरी सही करते)
एस्टिल फ्रेझियर, पाद्री

ठिकाण: माझी पडवी, स्टिलहाउस खोरं
तारीख: ११ एप्रिल २०२१, रविवार, आर्लिसचा फोन येण्याच्या आधी