कर्तव्याचं उदाहरण

ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. आईला सांग, काळजी करू नकोस.

अण्णा आता जेवतात का? ते मला हाका मारतात, हे तू पत्राच्या शेवटी इतक्या बारीक अक्षरात का लिहिलंस?

इथे ‘असलंच पाहिजे’ आणि ‘असू शकतं’ अशा विधानांची ढीगभर तर्कशास्त्रं आहेत. कुठल्यात कोणता नियम चालतो, त्याची सूची मी संशोधकांसाठी बांधतोय. एक सांधावं तर तेरा तुटतात. सुट्टी मागितली तर साहेब म्हणाले, “सूची पुरी झाली की जा.” नवी तर्कशास्त्रं निघतच राहतात, मग सूची पुरी व्हायची कधी?

आज कर्तव्याच्या तर्कशास्त्राची नोंद केली. इतर बऱ्याच तर्कशास्त्रांत ‘असलंच पाहिजे’ म्हटलं, की ते असतंच. यात तसं धरता येत नाही; असायला हवं ते नसूही शकतं. उदाहरण म्हणून मी लिहिलं, ‘आजारी वडिलांपाशी मुलगा असलाच पाहिजे.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, “चपखल आहे. ठेवा.”

अण्णांच्या कपाळावर माझ्या वाटचाही हात ठेव.

तुझा,
धाकटा