आजोबांची लाल वाईन आणि आत्याचे साहेब

समजा, तुम्ही शाळेतून घरी आलात, आजोबा कुठेच नाहीत आणि दुधाच्या पेल्याखाली एक चिठ्ठी आहे. टिल्लीला ती अशीच सापडली.

"टिल्लीबाई,
मी दाताच्या डॉक्टरांकडे जातोय. दाढ दुखत नाही, पण आत्यापुढे माझं तोंड उघडत नाही, ते निदान तिथे तरी उघडेल. आज तिचे साहेब जेवायला येणार आहेत आणि तिचा डोळा माझ्या लाल वाईनवर आहे. वाईनचा कारखाना सोडताना मी स्वतः केलेली ती शेवटची बाटली. त्यात तीन जातींची द्राक्षं आहेत. एकाने तिला अंग म्हणजे दाटपणा दिला, दुसऱ्याने रंग, तिसऱ्याने मऊपणा. पण तिघांचं अजून आपसांत पटत नाही. आत्ता उघडली तर जीभ आवळेल, आत्या चिडली की घर आवळतं तशी. दहा वर्षं मुरली की तीच मखमल होईल. तोवर तिला अंधारात, गारव्यात, आडवी ठेवायची आणि मुळीच हलवायची नाही. तेवढी सांभाळ. आत्याला मात्र दुखवू नकोस, मनाने चांगली आहे ती.
तुझा पळपुटा आजोबा"

संध्याकाळी आत्या शोधत शोधत टिल्लीच्या खोलीत आली. पडदे ओढलेले, पंखा सुरू, पलंगावर चादरीखाली बाटली आडवी आणि शेजारी टिल्ली.

"अगं, दे ती इकडे! साहेब आलेत!"

टिल्लीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल ना गं आत्या, आत्ताच डोळा लागलाय तिचा. साहेबांना म्हणावं, दहा वर्षांनी या." आणि तिने चादर बाटलीच्या गळ्यापर्यंत ओढली.