राहून गेलेली झोप

प्रिय दादा,

मेसेज केला असता तर तू नुसता अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून हाताने लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घाला हसू नकोस, इंग्लिश मीडियमची कृपा आहे.

ट्रेनिंगचा तिसरा महिना चालू आहे आणि मी पार वेडी झालेय. डोक्याला वायरी चिकटवल्या की मेंदूच्या रेषा स्क्रीनवर पळायला लागतात. जागेपणी बारीक, घाईतल्या. डोळा लागला की सैल. गाढ झोपेत मोठ्या लाटा, आणि फिट्सचे टोकदार काटे बरेचदा तिथेच वर येतात. स्वप्नं सुरू झाली की बहुतेक वेळा परत गपगार. परवा एक आजोबा आले होते, जागे होते तोवर रेषा अगदी साळसूद, घोरायला लागले आणि काटेच काटे! आमच्या मॅडम बावीस वर्षं हेच करतायत. पेशंट झोपला की स्वतःच्या चपला दाराबाहेर काढून ठेवतात, आवाज नको म्हणून. त्यांच्याकडून कळलं की गोळ्या या काट्यांना दाबून ठेवतात. रेषा शांत दिसली म्हणजे आजार गेलाच असं नाही, कधीकधी आत गोळी पहारा देत असते.

तेव्हा तुझीच आठवण आली. अकरा वर्षं, सकाळी आठ, रात्री आठ. वहिनी म्हणते घरातलं घड्याळ तुझ्या गोळीवर लावायचं. दुकानात कापड बेतताना फिट आली होती, तेव्हा शुद्धीवर येताच तू पहिलं विचारलंस, कात्री कुणाला लागली नाही ना. मी तुझ्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

वहिनीने सांगितलं, तुझ्या मेंदूच्या रेषांचा रिपोर्ट नॉर्मल आल्यापासून तू हवेत आहेस. एक तारखेपासून गोळ्या बंद आणि छोकरीला घेऊन पोहायला. ती शाळेत सगळ्यांना सांगूनसुद्धा आलीय.

दादा, तो रिपोर्ट अर्धा आहे, आणि तो मी अर्धा ठेवलाय. तुला पहाटे तीनपासून जागं ठेवलं होतं ते इथे वायरी लावल्यावर कॉटवर झोप लागावी म्हणून. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या, तपासणी मीच केली. तुझे डोळे मिटायला लागले आणि मी आपली आईच्या नकला करत बसले. तू हसत राहिलास, चाळीस मिनिटं टक्क जागा. फॉर्मवर खाली बारीक अक्षरात मी 'झोप नाही' लिहिलंय, पण सगळ्यांनी वरची 'नॉर्मल'ची ओळ वाचली. आज मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “भावाला परत बोलव. आणि तू बाहेर बस.” डॉक्टरांनी बजावलंय, गोळ्या मनाने थांबवल्या तर मोठी फिट येऊ शकते, आणि ती पाण्यात आली तर काय, हे मला लिहवत नाही. मंगळवारी सकाळी ये. शिव्या घालायच्या तर खुशाल घाल, पण गोळी घेऊन घाल.

तुझीच,
धाकटी